कानाची गादी

शोभाबाईनं नवऱ्याचं मनगटी घड्याळ उजव्या कानाशी धरलं. टिकटिक आली. डाव्या कानाशी धरलं, तिथंही आली. हात लांबवून दूर नेलं, तरी बारीक का होईना, आलीच. त्या सकाळची ही चौथी खेप. चुलीवर दूध उतू जायला आलं तरी बाई घड्याळ धरून उभीच.

म्हणजे कान चांगले आहेत, असं कुणीही शहाणं माणूस म्हणेल. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काय उगाच? शोभाबाईच्या भीतीजवळ उत्तर तयार होतं. तुझ्या आईलाही आधी सगळं ऐकू यायचं, ती भीती सांगायची. भांडं पडलं तर यायचं, कुत्रं भुंकलं तर यायचं. आधी गेलं ते माणसाचं बोलणं. आवाज यायचा आणि शब्द यायचा नाही. आणि हे सुरू झालं दुसऱ्या बाळंतपणानंतर. शोभाबाईचं दुसरं बाळंतपण होऊन शंभर दिवस झाले होते.

ती बसवकल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती. म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन तेव्हा वर्ष झालं असेल. कल्याणातून उमरग्याला, सोलापूरला, गुलबर्ग्याला कुणाला बोलायचं असलं तर ते एक्स्चेंजातल्या त्या एका बोर्डावरून. माहेरच्या गावच्या, जनवाड्याच्या बौद्धवाड्यातली सरकारी खुर्चीवर बसलेली ती पहिली मुलगी. नेमणुकीचा कागद आला तेव्हा विहारात तो मोठ्यानं वाचून दाखवला होता. नवरा नरसिंग सोलापूरच्या गाडीवर कंडक्टर, आज इथं तर उद्या तिथं. घर उभं होतं ते शोभाबाईच्या नोकरीवर. आणि नोकरी उभी होती कानावर. डोळ्यानं अधू माणूस एखादं दुसरं काम करील, पण बहिऱ्या ऑपरेटरला कोण ठेवणार? शिवाय लोक काय म्हणतील ते तिला पाठ होतं. "कोट्यातून घेतलं की असंच होतंय."

तिची आई पार्वतीबाई बावीस वर्षं बहिरी होती. आपल्याकडं बाळंतिणीनं सव्वा महिना कानात कापसाचे बोळे घालून डोक्याला फडकं बांधायचं, वारा लागू द्यायचा नाही. पार्वतीबाई धाकट्या लेकराच्या वेळी आठव्या दिवशीच ज्वारीच्या काढणीला गेली, उघड्या कानांनी. वारा शिरला आन् कान घेऊन गेला, असं ती सांगायची. डॉक्टरनं काही वेगळं सांगितलंही असेल, पण ते तिला ऐकू कुठं आलं? सुरवातीला ती घरात विचारायची, "काय म्हणलीस?" घरातलं जो तो म्हणायचा, "काही न्हाई, जाऊ दे." लहानगी शोभाही म्हणायची. पुढं पार्वतीबाईनं विचारणंच सोडलं. ती ओठांकडं बघायची, जेवढं उमगेल तेवढं घ्यायची, बाकीचं सोडून द्यायची.

लेकीच्या या बाळंतपणाला ती जनवाड्याहून येऊन राहिली आणि कान बांधण्याच्या बाबतीत तिनं कुणाचंच चालू दिलं नाही. उन्हाळ्याच्या तलखीत शोभाबाई कानात कापूस, वर फडकं, त्यावर आणखी पदर अशी घामानं निथळत बसली. आईपुढं बोलायची सोय नव्हती. तिला ऐकूच येत नव्हतं.

रजा संपायच्या आदल्या दिवशी शोभाबाई आपला हेडसेट बघायला एक्स्चेंजात गेली. डोक्यावरून येणारी पोलादी पट्टी, तिच्या एका टोकाला कानावर बसणारी काळी वाटी, आणि त्या वाटीच्या कडेला रबराची कडी. तीन महिने कपाटात उकडून ती रबरी कडी तडकली होती. हात लावला तर तुकडे हातात आले. नवी गुलबर्ग्याहून यायची, म्हणजे येईल तेव्हा येईल. नुसती वाटी आठ तास कानावर दाबून बसायचं म्हटलं तर कानाची पाळी सोलून निघते. ती सेट घरी घेऊन आली. पार्वतीबाईनं तो हातात घेतला, वाटीवरून अंगठा फिरवला, मधल्या भोकांत बोट घालून पाहिलं.

"ह्यातनं वारा येत असंल की गं," ती म्हणाली.

"वारा न्हाई माय, आवाज येतोय."

पण हे बोलताना शोभाबाईची आईकडं पाठ होती.

संध्याकाळपर्यंत पार्वतीबाईनं वाटीला गादी शिवली. जुन्या मऊ लुगड्याचं कापड, आत सावरीचा कापूस, बारीक टाके, वाटीच्या मागं बांधायला नाडी. आणि वारा शिरू नये म्हणून मधल्या भोकावरही कापडाचे दोन पदर. शोभाबाईनं ती कानावर ठेवून पाहिली आणि तिला झोपच यायला लागली, इतकं मऊ. आईचा हात कानावर ठेवल्यासारखं वाटलं. तिनं मान डोलावली, पार्वतीबाईचा चेहरा खुलला.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसली, आणि उमरग्याचा ऑपरेटर तोंडात घास धरून बोलतोय असं तिला वाटलं.

"परत सांगा," ती म्हणाली. त्यानं सांगितलं. तिला पुन्हा आवाज आला, आकडा आला नाही. तिसऱ्यांदा विचारून तिनं बोर्डावरची दोरी त्या नंबराच्या भोकात जोडली. दिवसभर तेच. संध्याकाळपर्यंत "परत सांगा" म्हणून तिची जीभ दुखायला लागली.

शेजारच्या खुर्चीवर शरणम्मा असायची. चाळिशीची, लिंगायताची, घरात कन्नड आणि बाहेर मराठी, दोन्ही सारख्याच जोरात. शोभाबाई तिला अक्का म्हणायची. दोन दिवस कळ काढून शोभाबाईनं विचारलं, "अक्का, उमरग्याची लाईन बघा की जरा. खराब झाल्यासारखी वाटायलीय."

शरणम्मानं आपल्या सेटचा प्लग त्या लाईनीत घातला, दोन शब्द बोलली, आणि काढला. "स्वच्छ हाय की गं. शेजारी बसून बोलायलाय तो."

लाईन स्वच्छ, मग उरलं काय? शोभाबाईनं वाटी दुसऱ्या कानावर फिरवली. तिकडंही तसंच, भरड आणि दूरचं. म्हणजे दोन्ही कान. आईचेही दोन्ही बरोबरच गेले होते. समोर बसलेल्याचं बोलणं तिला कळत होतं, पण आईलाही आधी समोरचं कळायचंच.

आता कुणी म्हणेल, बाईनं सेट का नाही तपासला? अहो, तपासायचं कुणी? एक्स्चेंजात एकीचा सेट दुसरी डोक्यावर घेत नसे. कान फुटलेला असला तर लागण होते, हे कारण सांगायचे. शोभाबाईच्या सेटला हात न लावायचं आणखीही एक कारण होतं. ते कुणी सांगत नसे आणि तिला सांगायची गरजही नव्हती. तिचा सेट तिच्या कपाटात, तिच्या खुंटीवर. आणि तिला स्वतःला गादीचा संशय यावा कसा? कडक रबराऐवजी मऊ गादी आली, कान दुखायचा थांबला, त्यात वाईट ते काय? ज्या वस्तूनं सुख वाटतं तिच्यावर कुणी आळ घेतं का?

पंधरा दिवस गेले. घड्याळ कानाशी धरायची तिला सवयच लागली. बाळ रडलं की आधी बरं वाटायचं, ऐकू आलं म्हणून. मग ती त्याला उचलायची, आणि मग स्वतःची लाज वाटायची. नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही. तो घरी असला की ती त्याच्या समोर बसायची, तोंड दिसेल अशी. हे आपण का करायलोय ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आडत दुकानदार हावगेप्पाचा सोलापूरचा ट्रंक कॉल होता, तुरीच्या भावाचा. त्यानं नंबर तीनदा सांगितला. चौथ्यांदा ती "परत सांगा" म्हणाली तेव्हा तो रागावलाही नाही. "काही न्हाई बाई, जाऊ द्या," म्हणाला आणि फोन ठेवला. तेवढं मात्र तिला नीट उमगलं. तो शिव्या देता तर परवडलं असतं, असं तिला वाटलं.

हावगेप्पा मग स्वतः चालत एक्स्चेंजात आला आणि सुपरवायझर सोमशेखर साहेबांच्या टेबलापुढं अर्धा तास बसला. तो गेल्यावर साहेबांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का.

"शोभाबाई, तुमचं काम आधी चांगलं होतं. आता तक्रारी येतायत. कानाचं काही आहे का?"

"न्हाई साहेब."

"मग सोमवारी दहाला मी तुमच्या मागं उभा राहतो. बाजाराचा दिवस आहे, बोर्ड भरलेला असतो. जमलं तर ठीक. नाही तर गुलबर्ग्याला कान तपासायला पाठवावं लागेल, आणि तिथं नापास झालात तर बोर्ड बंद. माझ्या हातात राहणार नाही."

ती "बरं" म्हणाली.

रविवारी दुपारी नरसिंग जेवून ड्युटीवर निघताना काहीतरी सांगत होता, उद्या गाडी उमरग्यालाच मुक्काम करणार असं काही. शोभाबाई त्याच्या ओठांवर नजर लावून बसली होती. तो गेला. ती ताटं उचलायला वळली तर पार्वतीबाई तिच्याकडं बघत होती.

"कवापासून?" पार्वतीबाईनं विचारलं.

"काय कवापासून?"

"तोंडाकडं बघायलीस तू. माणसाच्या डोळ्यात बघतेत, शोभे. तोंडाकडं मी बघती." बहिऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो, पण हे ती अगदी हळू बोलली. "मला दिसंना व्हय? बावीस वर्स तेच करायले मी."

शोभाबाईनं ताटं खाली ठेवली. इतके दिवस तिनं या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं, आणि जिला ऐकूच येत नाही तिला सगळं कळलं होतं. ती आईसमोर बसली आणि रडली. नोकरी जाणार, सोमवारी जाणार, गुलबर्ग्याला नापास होणार, सगळं बोलली, भराभरा. एवढ्या भराभर बोललेलं आईला उमगलं नसणार. पण पार्वतीबाई मान हलवत राहिली.

"माज्यामुळं झालं," ती शेवटी म्हणाली. "माज्याच पोटची तू. मी कान दिले तुला, तसलेच दिले." आणि उठून तिनं खुंटीवरचा सेट काढला, गादी चिमटीत धरून दाबून पाहिली. "पातळ झाली गं ही. कापूस बसला हाय. वारा शिरायलाय ह्यातनं. कामून सांगितलं न्हाईस आधी?"

तिनं टाके उसवले. गोधडीत घालायला ठेवलेला सावरीचा कापूस काढला, पिंजला, आणि गादीत भरत गेली. मधल्या भोकापुढंही कापसाचा पातळ थर दिला आणि त्यावर कापडाचे चार पदर घेतले. दिवेलागणीपर्यंत ती मान वर न करता शिवत होती. थांबव म्हणायचं शोभाबाईच्या मनातही आलं नाही. वारा-बिरा सगळं खोटं, हे ती मॅट्रिक झालेली बाई जाणून होती. पण त्या संध्याकाळी तिला वाटलं, खरं असलं तर? निदान आणखी जाणार तेवढं तरी थांबेल.

सोमवारी दहाला सोमशेखर साहेब हात मागं बांधून तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. शोभाबाईनं सेट डोक्यावर चढवला. कान त्या गादीत बुडाला आणि खोलीतला निम्मा आवाज त्या बाजूनं नाहीसा झाला.

बोर्डावर प्रत्येक फोनची एक पत्र्याची टिकली असते. फोन आला की टिकली पडते. पहिली पडली. तिनं दोरी घातली.

"नंबर सांगा."

काहीच नाही. कुणीतरी आहे एवढं कळत होतं, भिंतीपलीकडं कुणी बोलावं तसं. तिनं वाटी कानावर दाबली. आवाज आणखी बुजला.

"परत सांगा."

दुसरी टिकली पडली, तिसरी पडली. तिनं दुसऱ्या लाईनीत दोरी घातली, तिथंही तेच. तिच्या हातातून दोरी निसटली. कालपर्यंत निदान आवाज येत होता. एका रात्रीत तोही गेला. आईचं असं एका रात्रीत गेलं नव्हतं, वर्ष लागलं होतं. आपलं आईपेक्षा वाईट आहे. बाळ रडेल आणि आपण स्वयंपाकघरात पाठ करून बसलेलो असू. थोरली लेक शाळेतून येऊन काही सांगेल आणि म्हणेल, काही न्हाई, जाऊ दे. टिकल्या पडत होत्या, सात, आठ. शरणम्मा आपल्या दोऱ्या टाकून तिच्याकडं बघत होती.

शोभाबाईनं सेट काढला आणि बोर्डावर ठेवला. ती उठून उभी राहिली. "साहेब, मला ऐकू येईना झालंय. तुम्ही म्हणता ते खरं हाय. गुलबर्ग्याला पाठवू नका, मी लिहून देते."

टिकल्या पडतच होत्या, आणि त्यात एक हावगेप्पाच्या दुकानाची होती. तो पुन्हा चालत येईल या धास्तीनं म्हणा, नाही तर सवयीनं म्हणा, साहेब तिच्या खुर्चीवर बसले आणि हाताला आला तो सेट त्यांनी कानाला लावला.

"हॅलो. नंबर बोला." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हॅलो, जरा मोठ्यानं बोला. अहो, मोठ्यानं." त्यांनी वाटी दाबली, मग दुसऱ्या कानावर घेतली. "परत सांगा."

शरणम्माला आधी हसू आलं. तिनं उठून साहेबांच्या कानावरून वाटी सरळ ओढून घेतली, गादी दोन बोटांत दाबली, आणि बोटं कापसात बुडालेली बघून म्हणाली, "अय्यो, ही गादी हाय का बाळाची उशी? ह्यातनं देवाचा आवाज बी येणार न्हाई."

नाडी घट्ट बसली होती, ब्लेडनं गादीसकट कापावी लागली. काळी वाटी उघडी पडली. साहेबांनी ती शोभाबाईपुढं धरली. ती घ्यायलाच भीत होती. हीही आशा खोटी निघाली तर मग काहीच उरणार नाही, असं तिला वाटलं.

शरणम्मानं ती तिच्या कानाला लावली. वाटी गार होती, कडक होती, कडेला टोचत होती. आणि आतून हावगेप्पाचा आवाज आला, एवढा जवळ की शोभाबाई दचकली. तो नंबर सांगत होता, मागं कुणाला तरी चहा सांगत होता, मध्येच खोकला. चहाच्या पेल्याचा आवाजही तिला आला.

"जोडते," ती म्हणाली. पुढचा तासभर तिनं एकदाही कुणाला काही परत सांगायला लावलं नाही. डोळ्यांतून पाणी चालूच होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

दुपारी शरणम्मानं सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कातरून दिली, मधलं भोक मोठं ठेवून. "मऊपणा न्हाई ह्यात, घाम बी येईल. पर कान वाटीला चिकटून ऱ्हातो आन् मधी काही आड येत न्हाई," ती म्हणाली. चकती बसवून तिनं सेट आधी स्वतःच्या कानाला लावून बघितला, मग शोभाबाईच्या हातात दिला. साहेबांनी हावगेप्पाच्या तक्रारीवर "उपकरणातील दोष दूर केला" असा शेरा मारला.

शोभाबाई घरी आली तेव्हा पार्वतीबाई उंबऱ्याशी बसली होती. बाळ शेजारी गोधडीवर. रडून पार्वतीबाईचे डोळे सुजले होते. शोभाबाई तिच्या समोर खाली बसली, उजेड आपल्या तोंडावर येईल अशी. वीस दिवसांत एवढं ती शिकली होती.

"माय, कान चांगला हाय."

पार्वतीबाईची नजर तिच्या हातातल्या कापलेल्या गादीवर गेली. सावरीचा कापूस बाहेर आला होता. तिनं तो बोटांनी आत ढकलायचा प्रयत्न केला.

"गादीनं आवाज अडला व्हता," शोभाबाई सावकाश म्हणाली. "कापूस लई झाला व्हता."

"म्हंजी मीच..." पार्वतीबाईचे ओठ हलले.

"न्हाई. माजा कान चांगला हाय, माय. दोन्ही चांगले हायत. तू दिलेले."

पार्वतीबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. किती वर्षांनी कोण जाणे, तिनं विचारलं, "काय म्हणलीस? परत म्हण."

शोभाबाईनं परत म्हटलं. एक एक शब्द सुटा करून म्हटलं.

"आनिक एकदा."

गोधडीवर बाळ रडायला लागलं. ते दोघींपैकी एकीलाच ऐकू आलं. तिनं त्याला उचलून खांद्यावर घेतलं, तोंड आईकडंच ठेवलं, आणि तिसऱ्यांदा सांगितलं.